नोराची साक्ष कोण देणार?

वाचकाचं पत्र, थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील वगळून):

मी ४६ वर्षांची. मूळची सांगलीकडची, गेली अठरा वर्षं अमेरिकेत नेब्रास्का राज्यात ओमाहाला राहते. चार वर्षं एक ऐतिहासिक कादंबरी मराठीत लिहिते आहे. नायिका नोरा, न्यूयॉर्कच्या गरीब आयरिश वस्तीतली. १८७० साली, सात वर्षांची असताना, तिला आणि तिच्या चार वर्षांच्या भावाला ‘ऑर्फन ट्रेन’नं, म्हणजे शहरातली अनाथ-गरीब मुलं दूरच्या घरांत नेऊन देणाऱ्या आगगाडीनं, पश्चिमेकडे पाठवतात. आयोवातल्या एका गावी मुलांना स्टेजवर रांगेनं उभं करतात, शेतकरी येऊन आपापलं मूल निवडतात. भाऊ एका घरी जातो, नोरा दुसऱ्या. तिच्या वाट्याला मार आणि राबणं. एकवीस वर्षांची झाल्यावर ती नेब्रास्कातल्या कस्टर काउंटीत एकटीनं सरकारी जमीन घेते. तिचं बालपणीचं दुखणं बरं होतं, ही कादंबरी. पण ते होतं कसं, तेच मला कळत नाही. लेखनगटातल्या मैत्रिणी म्हणतात, तिला मायेचा माणूस भेटू दे. एक अमेरिकन मैत्रीण म्हणते, त्या काळच्या बायकांना ट्रॉमा वगैरे काही ठाऊक नव्हतं, हे आजचं खूळ तू तिच्यावर लादते आहेस. स्टेजवरचं चौथं प्रकरण आठ महिने अडलंय. लिहायला बसले की छातीत धडधडतं, रात्री तीनला जाग येते. लिहिणं सोडून द्यावं का?

ता. क. मीही सात वर्षांची असताना पाच वर्षं मामाकडे होते. घरच्या अडचणी होत्या. मुलींपैकी कुणाला पाठवायचं, हे आमच्या सोप्यात सगळ्यांसमोर ठरलं. माझा पिवळा फ्रॉक होता, खिशावर बदक भरलेलं. याचा कादंबरीशी संबंध नाही, सहज आठवलं. डिसेंबरमध्ये आईकडे जाणार आहे, ती आता ७८ वर्षांची आहे.

---

नमस्कार,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वरून खाली, दुसऱ्यांदा ता. क. पासून वर. आपल्याकडे मनातलं खरं पुष्कळदा ता. क. मध्येच उतरतं, हे इतकी वर्षं पत्रं वाचून मला कळलंय. त्या ओळींकडे मी येणार आहे. पण तुम्ही आधी नोराबद्दल विचारलंत, म्हणून सुरुवात तिच्यापासून.

तुमच्या अमेरिकन मैत्रिणीचं अर्धं म्हणणं खरं आहे. शब्द नव्हता. मोठ्या आघातानंतर मनात राहून जाणाऱ्या ज्या दुखण्याला आज आपण पीटीएसडी म्हणतो, त्याला अमेरिकी मानसोपचाराच्या अधिकृत यादीत जागा मिळाली ती १९८० साली. नोराच्या काळात लोक मेलँकोलिया म्हणत, ‘नर्व्हस प्रॉस्ट्रेशन’ म्हणत, आणि बाई फारच हाताबाहेर गेली असं वाटलं तर नेब्रास्कातल्या लिंकन शहरी वेड्यांच्या इस्पितळात नेऊन सोडत. ते १८७० मध्ये सुरू झालं होतं. अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या सैनिकांच्या कागदांवर तर ‘नॉस्टॅल्जिया’ हे चक्क आजाराचं नाव म्हणून लिहिलेलं सापडतं. घराच्या ओढीनं माणूस झुरतो, अन्न सोडतो, हे त्या डॉक्टरांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. दुखणं दिसत होतंच, त्याला हाक मारायचे शब्द वेगळे होते.

आणि ते सांगताही येत होतं. आपल्या आनंदीबाई जोशी नोरापेक्षा दोनच वर्षांनी लहान, १८६५ चा जन्म. अमेरिकेत डॉक्टरकी शिकत असताना त्यांनी गोपाळरावांना एक पत्र लिहिलं. दहाव्या वर्षी लाकडाच्या तुकड्यांनी मारलंत, बाराव्या वर्षी खुर्च्या नि पुस्तकं फेकलीत, सोडून जाण्याची धमकी दिलीत, असा वयानिशी हिशेब त्या पत्रात आहे. आणि हे सगळं चांगलं की वाईट ते ठरवणं अवघड आहे, असंही त्याच पत्रात आहे. ते वाचताना माझ्या अंगावर दर वेळी काटा येतो. कारण त्यात तक्रारीचा सूर नाही आणि माफीचाही नाही. किती वर्षांची होते, कशानं मारलंत, एवढंच त्या मुलीनं नवऱ्यासमोर मांडून ठेवलंय.

नोराला एवढंच द्या. तिच्या तोंडी ‘मला असुरक्षित वाटतं’ घालू नका. मग मैत्रिणीचा आक्षेप खरा ठरेल. तिला नेहमी दाराकडे तोंड करून जेवायला बसवा. शेजारच्या घरी कुणी पोराला हाक मारताना आवाज चढवला की तिच्या हातातलं भांडं घट्ट धरलं जाऊ दे. तिला कारण कळायची गरज नाही, वाचकाला कळेल.

आता मायेचा माणूस. तुमच्या मैत्रिणींचा हेतू चांगला आहे, त्यांना नोराचं भलं हवंय. पण आधी कायदा बघा. १८६२ च्या होमस्टेड कायद्यानं १६० एकर जमीन मिळायची; सगळी मिळून अठराएक डॉलर फी, आणि पाच वर्षं तिथे राहून घर बांधायची, जमीन कसायची अट. एकवीस वर्षांची अविवाहित बाई, विधवा, घटस्फोट झालेली, टाकलेली, यांना स्वतःच्या नावानं अर्ज करता येई. नवऱ्याजवळ नांदणाऱ्या बाईला तो हक्क नव्हता. म्हणजे नोराचं लग्न तुम्ही अर्जाच्या आधी लावलंत, तर कागदावर तिचं नावच राहत नाही.

आणि कायदा बाजूला ठेवला, तरी माझी अडचण वेगळी आहे. नोराची जखम नेमकी कुठे आहे? मार वाईटच. पण त्याच्याही आधी ती स्टेजवर उभी होती आणि कुणीतरी येऊन तिला निवडलं. दंड चाचपून, दात बघून, बाजारात खोंड बघतात तसं. तिनं कुणाला निवडलं नाही, आणि भावाचा हात सोडायचा की नाही हेही तिला कुणी विचारलं नाही. मग पंधरा-सोळा वर्षांनी एक भला माणूस घोड्यावरून येतो आणि तिला पसंत करतो, याला तुम्ही औषध म्हणणार? मला तर तो पुन्हा तोच स्टेज दिसतो, फक्त गिऱ्हाईक प्रेमळ आहे. तिला जोडीदार असूच नये असं मी म्हणत नाही. जमिनीची सनद हातात पडू दे, मग तिनं विचारावं. आणि तो ‘विचार करून सांगतो’ म्हणाला, तर ते ऐकून घेण्याइतकी ती उभी राहिलेली असावी.

जमिनीनं बरं होण्याचंही तसंच. तुमच्या पत्रात ‘मोकळी प्रेरी’, म्हणजे मोकळा गवताळ माळ, असा शब्द तीनदा आलाय. ती मोकळी नव्हती, मोकळी केलेली होती. पॉनी या तिथल्या मूळनिवासी जमातीच्या लोकांना नेब्रास्कातून उचलून १८७० च्या दशकात दक्षिणेला ‘इंडियन टेरिटरी’त, म्हणजे मूळनिवाशांसाठी ठेवलेल्या मुलखात नेलं. त्यांची राखीव जमीन होती तिथे, जिनोआ गावात, १८८४ साली सरकारनं निवासी शाळा काढली. आईबापांपासून तोडून दूरदूरच्या जमातींची मुलं तिथे आणत, केस कापत, त्यांची भाषा बोलू देत नसत. ती शाळा १९३४ पर्यंत चालली. १८८४ म्हणजे नोरा एकवीस वर्षांची होते तेच साल. तुम्ही नेब्रास्कात राहता, तुम्हाला हे माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल, पण पत्रात त्याचा उल्लेख नाही म्हणून लिहिते. नोरा कधीतरी एखाद्या स्टेशनावर उभी असेल, आणि गाडीतून अशी मुलं उतरताना तिनं पाहिली असतील. त्या क्षणी तिला काय होतं? ती मान वळवते का? मला वाटतं, तुमच्या कादंबरीतली सगळ्यात कठीण आणि सगळ्यात खरी दोन पानं तिथे आहेत. स्वतःचं दुखणं ओळखू लागलेली बाई दुसऱ्याचं ओळखते की नाही, हे तिथे कळेल. आणि न ओळखणारी नोराही मला मान्य आहे, फक्त लेखिकेला ते दिसलेलं असावं.

इथे एक खरी बाई आठवते, तुमच्या ओमाहा शहराला ज्यांचं नाव आहे त्या ओमाहा जमातीची. सुझन ला फ्लेश. आनंदीबाई ज्या फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून १८८६ च्या मार्चमध्ये डॉक्टर झाल्या, त्याच कॉलेजात ही मुलगी त्याच वर्षी दाखल झाली आणि १८८९ मध्ये पहिली येऊन बाहेर पडली. लहानपणी एका आजारी म्हातारीच्या उशाशी ती बसली होती. वारंवार निरोप धाडूनही गोरा डॉक्टर आला नाही, आणि म्हातारी गेली. पुढे सुझननं आपल्या लोकांत राहून मैलोन् मैल घोड्यावरून, बग्गीतून रोगी बघितले, १९१३ साली वॉल्टहिलला इस्पितळ उभं केलं. ती रात्र ती विसरली असेल असं मला वाटत नाही. पण त्या रात्री न आलेला डॉक्टर पुढे आयुष्यभर तीच झाली.

बरं होणं म्हणजे काय, यावर आपण सगळे एक चित्र धरून बसलोय असं मला वाटतं. आठवण येते पण टोचत नाही, डोळे पुसले, हसली, संपलं. माझ्या एका आत्याचं सांगते. लहानपणी आई गेली, काकांच्या घरी वाढली, पोटभर जेवण क्वचित. पुढे तिचं सगळं चांगलं झालं, नवरा भला, घरात धान्याच्या कणग्या. पण उशाखाली फडक्यात भाकरीचा तुकडा आणि गुळाचा खडा बांधून ठेवल्याशिवाय तिला झोप येत नसे. रोज पहाटे ती तो तुकडा गुपचूप गाईला घाली, रात्री नवा बांधी. चाळीस-पंचेचाळीस वर्षं हे कुणाला माहीत नव्हतं. म्हातारपणी पाय मोडून पडली तेव्हा मी तिच्या सोबतीला होते. दुसऱ्या रात्री तिनं मला जवळ बोलावलं आणि म्हणाली, “भाकरी बांधून दे गं.” मी बांधून दिली. का, ते तिनं सांगितलं, अगदी थोडं. त्यानंतर ती बांधायची थांबली असं नाही. शेवटपर्यंत बांधत होती. फक्त आता मला सांगून, माझ्यासमोर. आणि एकदा मी कामात विसरले तर ती तशीच झोपली.

तिला बरी झालेली म्हणायची की नाही? मी म्हणते. गाठोडं उशाखाली होतंच, पण आता ते आणखी एकाला माहीत होतं.

म्हणून मला वाटतं नोराला सोडवणारा नको आहे, साक्षीदार हवा आहे. आणि तुमचं नशीब असं, की तुम्ही निवडलेल्या काळात ही गोष्ट कायद्यातच बसवलेली आहे. पाच वर्षं झाली की होमस्टेडवाल्याला ‘प्रूव्ह अप’ करावं लागे. आधी वर्तमानपत्रात सूचना छापायची, साक्षीदारांच्या नावांसकट. मग अधिकाऱ्यासमोर जाऊन जबानी: घर कधी बांधलं, केवढं, किती एकर नांगरलं, जमीन सोडून कधी बाहेर राहिलात का, किती दिवस. आणि दोन शेजाऱ्यांनी शपथेवर सांगायचं, हो, ही इथे राहते, हे घर हिचं, आम्ही बघितलंय. तेव्हा कुठे सनद. आपल्याकडे सातबाऱ्यावर नाव लागण्यासाठी माणूस जसा जिवाचं रान करतो, तसाच तो कागद.

विचार करा, ज्या मुलीच्या बाबतीत ‘हे माझ्यासमोर घडलं’ असं म्हणणारं जगात कुणी नव्हतं, तिच्यासाठी दोन माणसं हात वर करून बोलतात. कुणी मायेचे शब्द बोलत नाही. घराचं माप सांगतात, कोंबड्या किती ते सांगतात. मी तो प्रसंग लिहिला असता तर नोराला तिथे रडू दिलं नसतं. बाहेर आल्यावर घोड्याला पाणी दाखवताना तिचे हात थरथरले असते, एवढंच.

साक्षीदारांपैकी एक यादवी युद्धातला सैनिक करा. तसे पुष्कळ लोक नेब्रास्कात जमीन घेऊन राहिले होते. सैन्यातली वर्षं पाच वर्षांच्या अटीतून वजाही होत असत. त्याला रात्री झोप लागत नाही, तोही दाराकडे तोंड करून बसतो. दोघं एकमेकांना त्याबद्दल काही विचारत नाहीत. हिवाळ्यात एकमेकांच्या धुराड्यातून धूर निघतोय ना, एवढं रोज सकाळी बघतात.

भावाची भेट घडवायचा मोह तुम्हाला होणारच, ती भावंडं वेगळी झाली म्हटल्यावर वाचकही वाट बघणार. भेटू देत. पण तो चार वर्षांचा होता. त्याला काहीच आठवत नसेल. तो ज्या घरी गेला तिथे त्याला माया मिळाली असेल, नवं आडनाव असेल, आणि तो मनापासून म्हणेल, मला तर सगळं चांगलंच मिळालं. नोरा किती वर्षं ज्या एका साक्षीदाराची वाट बघत होती, त्याच्याकडे साक्षच नाही. तिथे ती कोसळते की सावरते, ते तुम्ही ठरवा. माझ्या मते कादंबरीचा कणा तिथे आहे, आणि जबानीचा प्रसंग त्यानंतर यावा.

एक बारीक सूचना. १२ जानेवारी १८८८ चं हिमवादळ तुम्ही शेवटाकडे ठेवलंय, त्यात नोरा एका मुलाला वाचवते आणि ‘मोकळी होते’. वादळ खरं आहे. सकाळ इतकी उबदार होती की मुलं जाड कोटांशिवाय शाळेत गेली, दुपारी हिमाची भिंत आली, आणि साधारण २३५ माणसं गेल्याचा अंदाज आहे, त्यात शाळकरी पोरं पुष्कळ. तुमच्या कस्टरच्या शेजारच्या व्हॅली काउंटीत मिनी फ्रीमन या तरुण शिक्षिकेनं छप्पर उडालेल्या शाळेतून मुलांना सुखरूप बाहेर नेलं, ते देशभर गाजलं. वादळ ठेवा. पण दुसऱ्याला वाचवलं म्हणून आपलं दुखणं जातं, हे मला पटत नाही. पुष्कळ बायका जन्मभर दुसऱ्यांना वाचवत राहतात आणि आतून तशाच राहतात. अशा बायकांची पत्रं या सदराकडे दर आठवड्याला येतात.

आणि रोजचं जगणं भरपूर लिहा, बरं होणं तिथेच असतं. नांगरानं गवताळ मातीच्या तीनेक फुटी लांब विटा कापून रचलेलं घर, त्याला लोक गमतीनं नेब्रास्काचा संगमरवर म्हणत. छतातून माती आणि कधी साप पडू नये म्हणून आतून बांधलेलं मांजरपाट. भिंती इतक्या जाड की खिडकीच्या कोनाड्यात कुंड्या मावत. झाडं नाहीत म्हणून चुलीत वाळलेलं शेण. यावर तिकडच्या लेखकांना परिच्छेद खर्च करावा लागतो; तुम्ही ‘गोवऱ्या’ लिहिलंत की मराठी वाचकाच्या नाकात वास आला. सॉलोमन बुचर या फोटोग्राफरनं १८८६ पासून कस्टर काउंटीत आणि आसपास अशी घरं आणि तिथली माणसं यांचे तीन हजारांच्या आसपास फोटो काढले, ते लिंकनला राज्याच्या इतिहास संस्थेत आहेत. चार क्रिसमन बहिणी आपल्या मातीच्या घरासमोर ओळीनं उभ्या आहेत, तो फोटो त्यातलाच. आणखी एका फोटोत एका बाईनं पायपेटीसारखा मोठा ऑर्गन घरातून बाहेर अंगणात आणवून घेतलाय. मागच्या नातेवाइकांना ऑर्गन दिसावा, पण आपण मातीच्या घरात राहतो हे दिसू नये, म्हणून. तो फोटो समोर ठेवून एक तास बसा. काय दाखवायचं आणि काय झाकायचं हे ती बाई स्वतः ठरवते आहे. नोरानं स्टेजवर उभं राहिल्यानंतर हेच कधी केलं नसेल.

जमलं तर बियाट्रिस गावालाही जाऊन या, तुमच्यापासून दूर नाही. कायदा लागू झाला त्या पहिल्या दिवशी, १ जानेवारी १८६३ ला, डॅनियल फ्रीमननं अर्ज केलेली जमीन आता राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान आहे. कॅन्ससमध्ये कॉन्कॉर्डियाला ऑर्फन ट्रेनचं संग्रहालय आहे. मात्र तिथे चौथ्या प्रकरणासाठी जाऊ नका, आणि एकट्याही जाऊ नका.

आता तुमच्याविषयी.

‘याचा कादंबरीशी संबंध नाही’ असं तुम्ही लिहिलंत. नोरा सात वर्षांची, तुम्ही सात वर्षांच्या. तिचा स्टेज, तुमचा सोपा. संबंध आहे हे तुम्हालाही कळलेलं आहे, नाहीतर पिवळा फ्रॉक आणि बदक ता. क. मध्ये आलं नसतं. हे मी पकडण्यासाठी लिहीत नाही. मामाकडे ‘शिकायला’ राहणं आपल्याकडे इतकं सर्रास होतं, की त्यात काही लागलं असेल हे कबूल करायचीच लाज वाटते. खायला होतं, शाळा होती, मग रडायचं कशाला? पण मुलाला लागतं ते खाण्यापिण्याचं नसतं. मला कुणी विचारलं नाही आणि मलाच का, या दोन गोष्टी लागतात. मामाकडे पुढे काय घडलं ते तुम्ही लिहिलेलं नाही, मी विचारतही नाही.

लिहिणं सोडावं का? माझं उत्तर, सोडू नका, पण कादंबरीकडून औषधाचं काम काढून घ्या. दोन्ही एकाच पानावर होत नाहीत. जेम्स पेनबेकर या मानसशास्त्रज्ञानं १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या जिव्हारी लागलेल्या घटनेबद्दल लिहायला सांगितलं होतं. लिहून झाल्या झाल्या त्यांना जास्तच उदास वाटलं. पुढच्या महिन्यांत तब्येतीच्या तक्रारी मात्र कमी झाल्या. नंतरच्या अभ्यासांत हा फायदा सरासरीनं थोडाच निघाला, आणि सगळ्यांना मिळतो असंही नाही. पण त्यातली रीत घेण्यासारखी आहे. वेळ बांधलेली, आणि ते लिखाण कुणाला दाखवायचं नसतं. तुम्ही मात्र तेच दुखणं सुंदर, अचूक, छापण्याजोगं करायला बघताय. आठ महिने अडणार नाही तर काय होईल?

म्हणून चौथं प्रकरण आहे तिथे राहू दे. थेट शेवटची जबानी लिहा, मग भाऊ, मग मागे या. लिहायचं ते दिवसाउजेडी, घड्याळ लावून, चाळीस मिनिटांच्या वर नाही. उठल्यावर हातानं करायचं काहीतरी ठेवा, कणीक मळा, मेथी निवडा. धडधड सुरू झाली तर पाय जमिनीवर टेकवून आजची तारीख, आपलं वय आणि खोलीतल्या पाच वस्तूंची नावं मोठ्यानं म्हणा. साधं वाटतं, पण मनाला सात वर्षांच्या सोप्यातून उचलून ४६ वर्षांच्या स्वयंपाकघरात आणायला ते उपयोगी पडतं. आणि सध्या कच्चं लिखाण लेखनगटाला वाचून दाखवू नका. त्यांना शेवट सुचवायची घाई आहे. एकच माणूस निवडा, जो फक्त ऐकेल.

आठ महिने झोपमोड होते आहे, म्हणून एखाद्या समुपदेशकाकडे जाच. बालपणीच्या आघातांवर काम करण्याचं खास प्रशिक्षण घेतलेली व्यक्ती बघा. अमेरिकेत हा परवाना राज्यागणिक असतो, तेव्हा व्हिडिओवरून बोलणार असलात तरी नेब्रास्कातल्या लोकांवर उपचार करायची परवानगी असलेलीच व्यक्ती शोधावी लागेल. मराठी बोलणारी मिळणं कठीण आहे. चालेल. सोप्यात जे वाक्य बोललं गेलं, ते आधी मराठीतच म्हणा, तिच्यासमोर, आणि मग भाषांतर करा. काही दुखणी ज्या भाषेत झाली त्याच भाषेत बाहेर येतात. तुमच्यासारखी स्थिती असणाऱ्या इतर वाचकांसाठी: स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील तर थांबू नका, अमेरिकेत ९८८ आणि भारतात टेली-मानसचा १४४१६ हा नंबर आहे. टेली-मानसवर मराठीतही बोलता येतं.

राहिली आई.

ऑर्फन ट्रेननं १८५४ पासून १९२९ पर्यंत दोन लाखांच्या आसपास मुलं पाठवली गेली, आणि त्यातल्या पुष्कळांचे आई किंवा वडील जिवंत होते. नोराची आईही असेल. कादंबरीत तिला एक प्रकरण द्या असं मी सुचवेन. तिला माफ करण्यासाठी नव्हे. सही किंवा अंगठा करताना तिच्या डोळ्यांसमोर काय होतं, ते लेखिकेला कळावं म्हणून. आणि ते कळलं म्हणून नोराचं लागलेलं कमी होईल असंही नाही. आनंदीबाईंच्या पत्रासारखं दोन्ही एका जागी राहू शकतं.

पण खऱ्या आईकडे डिसेंबरमध्ये हस्तलिखित घेऊन जाऊ नका. ७८ वर्षांच्या बाईला तीनशे पानांत आपला गुन्हा शोधायला लावणं त्यांच्यासाठी कठीण आहे, आणि तुम्हाला त्यातून जे हवंय ते मिळणार नाही. ‘मलाच का पाठवलंत’ हाही पहिला प्रश्न करू नका. त्याला ‘घरच्या अडचणी’ हे उत्तर चाळीस वर्षं तयार आहे. दुपारी त्या पडल्या असतील, घरात दुसरं कुणी नसेल, तेव्हा जवळ बसून सहज विचारा, “आई, तो बदकाचा फ्रॉक आठवतो का गं, पिवळा?” एवढंच, आणि गप्प बसा. त्या म्हणतील, तो मीच शिवला होता. किंवा म्हणतील, त्या दिवशी तू तोच घातला होतास. कदाचित पदर डोळ्यांना लावतील आणि काहीच बोलणार नाहीत. नाहीच आठवला, तर तुम्ही सांगा त्यांना. रंग सांगा, खिसा कुठल्या बाजूला होता ते सांगा, बदकाची चोच कुठल्या दोऱ्यानं भरली होती ते सांगा.